आधी पाणी पाळा, मग मासे

घरातला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘घरावर काहीतरी येणार होते, ते त्याने स्वतःवर घेतले.’ या वाक्याने घरातल्या लहान मुलांची समजूत घालता येते, पण माशाच्या मरणाचे कारण त्यात सापडत नाही. सकाळी नवी टाकी आणली, दुपारी पाणी भरले, संध्याकाळी मासे सोडले आणि दहा-बारा दिवसांत ते एकेक करून दगावू लागले, तर बहुतेक वेळा ते संकट पाण्यातच तयार झालेले असते. त्याला नाव आहे, ते मोजता येते आणि टाळताही येते.

हे संकट ज्यांच्यावर फार लवकर ओढवते, असे मासे म्हणजे दुकानात ‘आफ्रिकन’ किंवा ‘सिक्लिड’ या नावाने मिळणारे मासे. गडद पिवळे, निळे, केशरी, काळ्या पट्ट्यांचे. राहतात गोड्या पाण्यात, पण रंग प्रवाळांतल्या माशांसारखे. सतत हालचाल, भांडणे, प्रियाराधन आणि घरच्या टाकीत सहज होणारी वीण यांमुळे गप्पी-गोल्डफिशनंतरची पुढची पायरी म्हणून अनेक जण त्यांच्याकडे वळतात. हे मासे मुळात नाजूक नाहीत. नीट ठेवले तर अनेक वर्षे जगतात. मात्र त्यांना लागणारे पाणी, त्यांचा स्वभाव आणि त्यांची पिल्ले या तिन्ही गोष्टींचा विचार मासे घरी येण्याआधी करावा लागतो.

तीन सरोवरांचे रहिवासी

सिक्लिड हे माशांचे एक फार मोठे कुळ आहे. ते आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि भारत-श्रीलंकेत आढळते. केरळचा राज्यमासा करीमीन, म्हणजे गोव्याकडचा काळुंदर, हा सिक्लिडच. उजनी धरणाच्या आसपासच्या हॉटेलांत तळून मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिड आणि तीही मूळची आफ्रिकेची. चिलापीचा विषय पुढे पुन्हा येईल.

हौशी पालकांच्या टाकीत येणारे आफ्रिकन सिक्लिड प्रामुख्याने पूर्व आफ्रिकेतील तीन सरोवरांचे आहेत : मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरहून अधिक लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. टांगानिका तर दीड किलोमीटरच्या आसपास खोल असून जगातील सर्वांत खोल सरोवरांत बैकलनंतर त्याचा क्रमांक लागतो. व्हिक्टोरिया विस्ताराने आफ्रिकेत सर्वांत मोठे, पण उथळ. त्याची खोली जेमतेम ८० मीटर. सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी ते जवळजवळ पूर्ण कोरडे पडले होते. तरीही अलीकडच्या काळापर्यंत त्यात सिक्लिडच्या सुमारे ५०० जाती होत्या. मलावीत ही संख्या ८०० हून अधिक मानली जाते. उत्क्रांतीचा इतका वेगवान पसारा पृष्ठवंशीय प्राण्यांत क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून जीवशास्त्रज्ञ या माशांकडे अनेक दशके टक लावून आहेत.

एका पाण्यात इतक्या जाती कशा मावल्या? याचे एक उत्तर त्यांच्या घशात आहे. सिक्लिडना तोंडातल्या जबड्याखेरीज घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढचा जबडा अन्न पकडतो, मागचा ते चिरडतो किंवा दळतो. कामाची अशी वाटणी झाल्यामुळे एकेका जातीला एकेका अन्नात तरबेज होता आले. कुणी खडकावरचे शेवाळ खरवडते, कुणी वाळू गाळून खाते, कुणी इतर माशांचे खवलेच ओरबाडून खाते. टांगानिकातील खवले खाणाऱ्या एका जातीत काही माशांचे तोंड डावीकडे आणि काहींचे उजवीकडे वळलेले असते, हे जपानी संशोधक मिचिओ होरी यांनी १९९३ साली दाखवले.

कुणी गोगलगायी फोडून खाते, आणि येथे हा विषय थेट माणसाच्या आरोग्याला येऊन भिडतो. मलावीतील ट्रेमॅटोक्रेनस प्लॅकोडॉन हा सिक्लिड ज्या गोगलगायी खातो, त्यांतील काही बिल्हार्झिया या परजीवी रोगाच्या वाहक असतात. सरोवराच्या दक्षिणेकडील केप मॅक्लिअर भागात किनाऱ्याजवळची मासेमारी वाढली, हे मासे घटले, गोगलगायी वाढल्या आणि रहिवाशांबरोबरच पोहायला उतरणाऱ्या पर्यटकांतही या रोगाचे प्रमाण वाढले, असा निष्कर्ष अमेरिकी संशोधक जे स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी मांडला. शोभेचा म्हणून आपण ज्यांच्याकडे बघतो, त्यांचा एक नातेवाईक तिकडे माणसांचा रोग आटोक्यात ठेवण्याचे काम करत होता.

आपल्या दुकानांत सर्वांत जास्त दिसतात ते मलावीच्या खडकाळ किनाऱ्याचे मासे. स्थानिक भाषेत त्यांना ‘म्बुना’ म्हणतात. त्यांचे आयुष्य खडकांच्या कपारींत जाते आणि खडकावरचे शेवाळ, त्यात दडलेले सूक्ष्म जीव हे त्यांचे अन्न. टाकी कशी मांडायची आणि खायला काय घालायचे, हे दोन्ही यावरूनच ठरते.

पाण्याचे गणित

मलावीचे पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच साधारण ७.७ ते ८.६ असतो. टांगानिकाचा त्याहून जास्त, ९ च्या आसपास. तापमान २४ ते २८ अंश. महाराष्ट्रात या पाण्याची सोय गावागणिक बदलते. बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, म्हणून आपण त्याला नावे ठेवतो; या माशांना मात्र तेच जड पाणी मानवते. भातसा-वैतरणेचे मुंबईतले किंवा खडकवासल्याचे पुण्यातले नळाचे पाणी तुलनेने हलके असते. त्यात क्षार कमी असल्याने पीएच टिकून राहत नाही, हळूहळू घसरतो. आरओचे पाणी तर या माशांसाठी सर्वांत वाईट, कारण त्यातून नेमके हवे असलेले क्षारच काढून टाकलेले असतात. ‘आपण पितो ते शुद्ध पाणी माशांना घातले’ हा प्रेमळ विचार येथे उलटा पडतो.

हलक्या पाण्यावर उपाय सोपा आहे. टाकीत चुनखडीचा अंश असलेले दगड किंवा शिंपल्यांचा चुरा ठेवायचा. तो अगदी सावकाश विरघळतो आणि पीएच सावरून धरतो. शहाबादी फरशी हा चुनखडकच. पॉलिश न केलेले, स्वच्छ धुतलेले तुकडे चालतात. खाऊन झालेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, फोडून फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत ठेवता येतात. एखाद्या दगडात चुना आहे की नाही हे ओळखायचे असेल तर त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहा. बुडबुडे आले तर चुना आहे. आपला सह्याद्रीचा काळा दगड पाण्यावर काही परिणाम करत नाही, पण कपारी रचायला उत्तम. प्रवाळ मात्र किनाऱ्यावरून उचलून आणू नयेत. त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

आता त्या संकटाकडे वळू. मासे कल्ल्यांवाटे आणि मूत्रावाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा आणि उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो : एक तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरा विषारी अमोनिया. कोणते रूप किती, हे मुख्यतः पीएचवर ठरते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण साठ्यापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हा वाटा पाच टक्क्यांवर जातो आणि ८.५ झाला की सुमारे १५ टक्क्यांवर. म्हणजे गोल्डफिशच्या टाकीत ज्या चुकीने मासे मलूल होतील, तीच चूक सिक्लिडच्या टाकीत त्यांचा जीव घेऊ शकते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, कल्ले लालसर दिसतात, पर मिटलेले राहतात. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसत असते, आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही.

निसर्गात या विषाची विल्हेवाट जिवाणू लावतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी, नायट्रेट पुष्कळ सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात काढून टाकता येते. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, वाळूवर वस्ती करतात. पण नव्या टाकीत ते नसतात आणि त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे नकोत. फिल्टर सुरू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खाणे मिळते. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. दही लावायला विरजण घ्यावे, तसेच हे. थेंबांची टेस्ट किट दुकानात मिळते. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली.

फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याची सवय अनेकांना असते. नळाच्या पाण्यातले क्लोरिन माणसाला वाचवण्यासाठी जिवाणू मारते, तसे ते हेही जिवाणू मारते. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नवीन पाणी घालताना क्लोरिन काढणारे औषध वापरावे किंवा पाण्यात हवा सोडून ते दिवसभर उघडे ठेवावे.

चार फूट जागा आणि एक भांडखोर वस्ती

म्बुना जातीचे मासे आपल्या कपारीचे मालक असतात. टाकी लहान असेल तर एक नर साऱ्या टाकीचा मालक होतो आणि उरलेल्यांना पळायला जागा राहत नाही. त्यामुळे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी ही सुरुवात समजावी. त्यात सुमारे २५० लिटर पाणी मावते. पाणी, काच, वाळू आणि दगड मिळून वजन ३५० किलोच्या घरात जाते. बाल्कनीच्या टोकाला किंवा साध्या टेबलावर ती ठेवू नये. भिंतीलगत, तुळईजवळ, लोखंडी स्टँडवर ठेवावी आणि खाली थर्माकोलचा तक्ता घालावा. दगड वाळूवर न रचता थेट तळाशी टेकवावेत. हे मासे वाळू उपसतात आणि तिच्यावर उभा केलेला ढिगारा काचेवर कोसळू शकतो.

माशांची निवड करताना दुकानातली पिल्ले किती सुंदर दिसतात यावर जाऊ नये. सोनेरी अंगावर काळे पट्टे असलेले ऑरॅटसचे पिल्लू पाहताक्षणी आवडते. मोठा झालेला नर काळपट होतो आणि साऱ्या टाकीला सळो की पळो करून सोडतो. नवशिक्यासाठी ‘यलो लॅब’ किंवा ‘इलेक्ट्रिक यलो’ म्हणून मिळणारा लॅबिडोक्रोमिस सेरुलियस सर्वांत समंजस. त्यातले नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत, म्हणून सहा-आठ पिल्ले एकत्र घेऊन वाढवावीत. एका नरामागे तीन-चार माद्या असा हिशेब बसला तर एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. चार फुटांच्या टाकीत बारा-पंधरा मासे असले की भांडण वाटले जाते, एकावर केंद्रित होत नाही. पण संख्या जास्त म्हणजे अमोनियाही जास्त. त्यामुळे फिल्टर दमदार हवा आणि दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायलाच हवे.

खाण्याच्या बाबतीत प्रेम आवरते घ्यावे लागते. शेवाळ खाणाऱ्या म्बुनांचे आतडे लांब असते. चरबी आणि मांस त्यांना झेपत नाही. स्पिरुलिनायुक्त फ्लेक्स किंवा दाणे हे मुख्य अन्न, अधूनमधून उकळत्या पाण्यातून काढलेली पालकाची पाने किंवा सोललेला मटार. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. पाव, पोळी, बिस्किटे पूर्ण वर्ज्य. पोट फुगणे, अन्न सोडणे आणि पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा ही ‘मलावी ब्लोट’ या आजाराची लक्षणे आहेत. चुकीचा आहार, ताण आणि खराब पाणी यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. अशा वेळी घरातल्या औषधांच्या डब्यातली अँटिबायोटिक गोळी टाकीत विरघळवणे हा उपाय नव्हे. त्याने फिल्टरमधले जिवाणू मरतात आणि औषधांना न जुमानणारे जंतू तयार होण्यास हातभार लागतो. आधी पाणी तपासावे, ते बदलावे, मग माशांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाला विचारावे.

आपल्याकडच्या ऋतूंचा आणि विजेचाही विचार हवा. पुणे, नाशिक, विदर्भातल्या थंडीत हीटर लागतो. उन्हाळ्यात उलट अडचण : पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरू शकते. वीज बराच वेळ गेली तर मासेच नव्हे, फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद ठेवावे.

तोंडातला पाळणा

पाणी स्थिर झाले, मासे रुळले, की वीण आपोआप होते. त्यासाठी इंजेक्शन लागत नाही की कोणते खास औषध. नराचा रंग गडद होतो. तो एखादा सपाट दगड साफ करतो किंवा वाळूत खळगा करतो आणि मादीसमोर अंग थरथरवत नाचतो. दोघे गोल फिरू लागतात. मादी एक-दोन अंडी घालते, लगेच वळते आणि ती तोंडात उचलून घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे दिसणारे पिवळसर ठिपके असतात. मादी त्या ठिपक्यांकडे तोंड नेते, तेव्हा नर शुक्राणू सोडतो आणि अंडी तिच्या तोंडातच फलित होतात. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल असल्याचा विचार जर्मन प्राणिवर्तन-अभ्यासक वोल्फगांग विकलर यांनी १९६२ साली मांडला. नंतरच्या अभ्यासांत काही जातींत हे ठिपके दुसऱ्या नरांना धाक दाखवण्याच्याही कामी येत असल्याचे दिसले.

यानंतर सुमारे तीन आठवडे मादी काहीही खात नाही, किंवा नावापुरते खाते. तिचा गळा फुगलेला दिसतो आणि ती तोंडातली अंडी सतत घोळवत असते, जेणेकरून प्रत्येकाला ताजे पाणी मिळावे. नवख्या पालकाला ती आजारी वाटते. खायला आली नाही म्हणून घाबरून औषध टाकले जाते, आणि ती बिचारी दचकून अंडी थुंकते किंवा गिळते. पहिल्या एक-दोन वेळा तरुण माद्या तशाही अंडी गिळतात; त्यात काळजीचे काही नाही.

पिल्ले वाढवायची असतील तर पंधराव्या-अठराव्या दिवसाच्या सुमारास मादीला अलगद एका लहान, जुन्या पाण्याच्या टाकीत हलवावे. दिवे मालवून, रात्री हे काम केले तर तिला धक्का कमी बसतो. ती स्वतः पिल्ले सोडेल तोवर थांबावे. बाहेर येणारी पिल्ले सेंटिमीटरभर लांबीची, पोहणारी आणि पहिल्या दिवसापासून बारीक चुरलेले खाद्य खाणारी असतात. यलो लॅबमध्ये एका खेपेला साधारण दहा ते तीस पिल्ले होतात. तीन आठवडे उपाशी राहिलेल्या मादीला लगेच मोठ्या टाकीत सोडू नये. चार-पाच दिवस वेगळे ठेवून, पोटभर खाऊ घालून मगच परत न्यावे. नाहीतर अशक्त मादीवर पुन्हा नर धावून जातो आणि ती दगावते.

या पाळण्यावर डल्ला मारणाराही कुणी आहेच. टांगानिकातील सिनोडॉन्टिस मल्टिपंक्टेटस हा मिशीवाला मासा सिक्लिडची वीण सुरू असताना मध्ये घुसून आपली अंडी टाकतो. सिक्लिडची मादी गडबडीत तीही तोंडात घेते. त्यातून पिल्ले आधी बाहेर येतात आणि तोंडातल्या तोंडात यजमानाचीच पिल्ले खातात. १९८६ साली तेत्सू सातो या जपानी संशोधकाने हे प्रसिद्ध केले. कावळ्याच्या घरट्यात वाढणारी कोकिळा आपल्याला माहीत आहे. हा तिचा पाण्यातला भाऊबंद, म्हणून इंग्रजीत त्याला कोकिळेवरूनच नाव मिळाले आहे.

पिल्लांचे काय करायचे?

दर दोन-तीन महिन्यांनी वीस पिल्ले म्हणजे वर्षात टाकी ओसंडून वाहणार. या प्रश्नाचे उत्तर आधी हवे, आणि ते देताना दोन गोष्टींशी तडजोड करू नये.

पहिली गोष्ट संकराची. मलावीतील जाती दिसायला कितीही वेगळ्या असल्या तरी जनुकीयदृष्ट्या अगदी जवळच्या आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकसंच अभ्यासात दोन जातींमधला फरक सरासरी ०.१ ते ०.२५ टक्के एवढाच आढळला. सरोवरात त्या वेगळ्या राहतात, कारण त्यांच्या जागा वेगळ्या आहेत आणि मादी आपल्या जातीच्या नराचा रंग पाहून जोडीदार निवडते. टाकीत पाच जातींचा एकेक मासा ठेवला तर निवडीला वाव राहत नाही आणि संकर होतो. व्हिक्टोरिया सरोवरात तेच मोठ्या प्रमाणावर घडले. शेतांतून आणि वस्त्यांतून आलेल्या सांडपाण्याने पाणी गढूळ झाले, रंग दिसेनासे झाले आणि जवळच्या जाती एकमेकींत मिसळू लागल्या, असे ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले. प्रयोगशाळेत साध्या प्रकाशात माद्या लाल आणि निळ्या नरांत अचूक निवड करत. रंग ओळखू येणार नाहीत अशा एकरंगी प्रकाशात त्यांची निवड डळमळली. शोभेसाठी टाकीवर सतत गडद निळा किंवा गुलाबी एलईडी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

म्हणून वीण घ्यायची तर टाकीत एकाच जातीचे मासे ठेवावेत, किंवा एकमेकांशी अजिबात न जुळणाऱ्या जाती निवडाव्यात. संकरित पिल्ले कुणाला दिलीच तर ती संकरित आहेत हे सांगून द्यावीत. ही नुसती काटेकोरपणाची बाब नाही. व्हिक्टोरियात गेल्या शतकाच्या मध्यास नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडण्यात आला. ऐंशीच्या दशकात त्याची संख्या प्रचंड वाढली आणि पाण्याच्या प्रदूषणासह त्याच्या तावडीत सापडून सुमारे २०० जाती नाहीशा झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. त्यांतील मोजक्या जाती आज युरोप-अमेरिकेतील मत्स्यालये आणि जबाबदार हौशी पालक यांच्या टाक्यांमध्ये तगून आहेत. एखाद्या टाकीवरची चिठ्ठी खरी असणे हे अशा वेळी एका जातीच्या असण्या-नसण्याइतके महत्त्वाचे ठरते.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. नको झालेले मासे नदीत, तलावात, गणपती विसर्जनाच्या घाटावर सोडणे हे दयेचे काम नाही. येथे चिलापीची गोष्ट पाहावी. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. तिची मादीही अंडी तोंडातच सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या प्रमाणात वाचतात. ती कमी वयात वीण सुरू करते आणि कसल्याही पाण्यात निभावते. आज देशभरातल्या धरणांत, नद्यांत ती पसरली आहे. तिच्यावर मच्छीमारांचे पोट चालते हे खरे, पण अनेक ठिकाणी स्थानिक माशांच्या अन्नावर आणि जागेवर तिने हक्क सांगितला आहे, हेही तितकेच खरे. जास्तीची पिल्ले दुकानदाराला परत द्यावीत, दुसऱ्या पालकांना द्यावीत, आणि हे जमणार नसेल तर मादीला वेगळे काढूच नये. मोठ्या टाकीत बहुतेक पिल्ले इतर मासे खातात, एखाददुसरे कपारीत वाढते. सरोवरातही असेच चालते.

हात, वायर आणि आपण

टाकी घरात असली की थोडी काळजी स्वतःचीही घ्यावी. हाताला जखम, चीर असेल तर हातमोजे घालूनच पाण्यात हात घालावा. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा दूरचा नातेवाईक माशांच्या टाकीत असू शकतो. तो जखमेतून शिरला तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटाकडे न दुखणारी, न बरी होणारी गाठ येते. अशी गाठ दाखवायला गेल्यावर ‘घरी फिश टँक आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. निदान लवकर होते. योग्य औषधांनी ती बरी होते, पण उपचार अनेक आठवडे, कधी काही महिने चालतात. पाणी बदलताना नळी तोंडाने ओढू नये. हाताने दाबायचा सायफन स्वस्तात मिळतो.

विजेच्या बाबतीत तीन नियम पुरेत. टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि फिल्टर बंद करावेत. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खाली टपकते. आणि त्या लाइनवर गळती ओळखून वीज तोडणारा ईएलसीबी बसवलेला असावा.

हे सारे वाचून कुणाला वाटेल की एवढा खटाटोप कशाला? प्रत्यक्षात एकदा घडी बसली की आठवड्यातून तासभराचे काम उरते. सारी कसोटी पहिल्या महिन्याची आहे. टाकी आणावी, दगड रचावेत, पाणी भरावे, फिल्टर सुरू करावा आणि मासे न आणता थांबावे. घरातली मुले रोज विचारतील, ‘मासे कधी आणायचे?’ त्यांच्याच हाती टेस्ट किट द्यावी. तिसऱ्या दिवशीचा आकडा, दहाव्या दिवशीचा आकडा, पंचविसाव्या दिवशीचा आकडा त्यांनी वहीत लिहून ठेवावा. अमोनिया चढतो, मग उतरतो. नायट्राइट चढते, मग उतरते. दोन्ही शून्यावर आले की त्याच मुलांना बरोबर घेऊन दुकानात जावे आणि सहा पिवळी पिल्ले आणावीत.